तक्त्यातील एक ओळ

नववी-दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाने अंतःस्रावी ग्रंथींचा तक्ता फळ्यावर कधी ना कधी काढलेला आहे. डावीकडे ग्रंथीचे नाव, मध्ये संप्रेरक, उजवीकडे त्याचे कार्य. शेवटच्या दोन ओळी ठरलेल्या असतात. अंडाशय : इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन. वृषण : टेस्टोस्टेरॉन, आणि त्यापुढे दाढी-मिशा, घोगरा आवाज वगैरे. जोड्या लावायला हा तक्ता फार सोयीचा. आम्हीही तो वर्षानुवर्षे असाच शिकवला आणि मुलांच्या लक्षात राहावे म्हणून ‘हे बायकांचे, हे पुरुषांचे’ अशी पुस्तीही वर जोडली. आमची तक्रार आहे ती या पुस्तीबद्दल. वर्गात ती निरुपद्रवी वाटते. पण ती शाळेबरोबर सुटत नाही. पुढे दवाखान्यात जाऊन बसते.

मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेतील शिक्षिका आमच्या जुन्या परिचयाच्या आहेत. वय एक्कावन्न. दोन वर्षांपूर्वी त्यांची पाळी गेली. त्यानंतर रात्री अचानक छातीपासून डोक्यापर्यंत ऊब चढायची, घाम फुटायचा, झोप मोडायची. आपल्याकडे मे महिन्यात सगळ्यांनाच उकडते, तेव्हा सुरुवातीला त्यांनी दोष हवेला दिला. मार्गशीर्षातही तेच होऊ लागले तेव्हा हे हवेचे काम नव्हे हे कळले. सांधे दुखत होते, वर्गात मुलांची नावे आठवत नव्हती, थकवा तर पाचवीला पुजलेला. बाजारात मासे विकणारी त्यांची एक मैत्रीण म्हणाली, ‘‘माका पण तसाच होता, रातची निज नाय. आता सवय झाली.’’

बाईंना मात्र सवय करून घ्यायची नव्हती. त्यांची धाकटी जाऊ इंग्लंडात असते. तिने फोनवर सांगितले की तिकडे पाळी गेल्यानंतर काही बायकांना डॉक्टर टेस्टोस्टेरॉन देतात. बाई विज्ञानाच्या शिक्षिका, त्यामुळे पहिली प्रतिक्रिया आपल्यासारखीच : ‘‘ते तर पुरुषांचे!’’ तरीही विचारून पाहायचे त्यांनी ठरवले.

पहिल्या डॉक्टरांनी कॅल्शियम आणि बी-कॉम्प्लेक्स लिहून दिले. दुसऱ्यांनी मान वर न करता ‘‘या वयात असे व्हायचेच’’ म्हटले. तिसऱ्यांपुढे बाईंनी धीर करून टेस्टोस्टेरॉनचे नाव काढले. डॉक्टर मोठ्याने हसले आणि म्हणाले, ‘‘बाई, मिशा फुटतील!’’ बाहेर बसलेल्या माणसांनाही ते ऐकू गेले असावे असे बाईंना वाटले, आणि आम्हाला वाटते की त्यांना औषध न मिळाल्यापेक्षा ते जास्त लागले. चौथा दवाखाना घाट चढून गेल्यावर एका शहरात. तेथे कोणी हसले नाही. रक्ताच्या तपासण्यांचा एक मोठा संच झाला, अहवालात टेस्टोस्टेरॉन ‘कमी’ निघाले आणि पुरुषांसाठी असलेले इंजेक्शन महिन्याला अर्धे घ्यावे असा सल्ला मिळाला. बाईंनी ते घेतले नाही. तो कागद घेऊन त्या आमच्याकडे आल्या.

हसणारे डॉक्टर आणि लगेच इंजेक्शन लिहिणारे डॉक्टर हे एकमेकांचे विरोधक दिसतात. आमच्या मते दोघेही एकाच तक्त्याचे विद्यार्थी आहेत. पहिल्याच्या दृष्टीने हे संप्रेरक बाईचे नव्हेच, म्हणून मागणी हास्यास्पद. दुसऱ्याच्या दृष्टीने ते पुरुषाच्या ताकदीचे सार, म्हणून थकलेल्या कोणालाही द्यावे. तक्त्यातली ओळ नीट वाचली असती तर दोघांचीही पंचाईत झाली असती.

आधी नावाचे पाहू. १९३५ साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकर यांच्या गटाने बैलाच्या वृषणांतून हे संयुग शुद्ध रूपात वेगळे केले आणि जिथे सापडले त्या अवयवावरून त्याचे नाव ठेवले. आपल्याकडे गावावरून आडनाव पडते तसेच हे. पण मालवणकर आडनावाची सगळी माणसे मालवणातच राहतात असे कोणी मानत नाही. टेस्टोस्टेरॉन स्त्रीच्या अंडाशयातही तयार होते. शिवाय अधिवृक्क ग्रंथी त्याचा कच्चा माल पुरवतात आणि त्यापासून ते शरीरातील इतर ऊतींतही बनते. उलट बाजूही तितकीच गंमतीची. १९३४ साली बर्नहार्ड झोंडेक यांना घोड्याच्या (घोडीच्या नव्हे) मूत्रात इस्ट्रोजेन फार मोठ्या प्रमाणात सापडले. म्हणजे टेस्टोस्टेरॉनचे बारसे होण्याच्या आदल्याच वर्षी ‘बायकांचे’ आणि ‘पुरुषांचे’ ही वाटणी मोडून पडली होती. आपल्या फळ्यावर ती अजून टिकून आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट रसायनशास्त्राची. टेस्टोस्टेरॉनच्या रेणूत कार्बनचे १९ अणू असतात, इस्ट्राडायॉल या प्रमुख इस्ट्रोजेनच्या रेणूत १८. अरोमाटेज नावाचे विकर टेस्टोस्टेरॉनमधला एक कार्बन काढून टाकते, एका कड्याची रचना बदलते आणि इस्ट्राडायॉल तयार होते. स्त्रीच्या अंडाशयातले इस्ट्राडायॉल याच वाटेने, म्हणजे टेस्टोस्टेरॉनपासून किंवा त्याच्या सख्ख्या भावंडापासून येते. ‘पुरुषी’ म्हणून ज्याला आपण बाहेर बसवले तो घरातलाच निघाला.

वरच्या वर्गातील मुलांना एक हिशेब घालावा. प्रयोगशाळा स्त्रीचे इस्ट्राडायॉल सहसा एका मिलिलिटरला इतके पिकोग्रॅम असे देतात, आणि टेस्टोस्टेरॉन एका डेसिलिटरला इतके नॅनोग्रॅम असे. एककेच वेगळी असल्याने तुलना कोणी करत नाही. समजा, तरुण स्त्रीचे इस्ट्राडायॉल १०० पिकोग्रॅम प्रतिमिलिलिटर आहे आणि टेस्टोस्टेरॉन ३० नॅनोग्रॅम प्रतिडेसिलिटर. पहिला आकडा दुसऱ्या एककात आणला की होतो १०. म्हणजे तिच्या रक्तात ‘पुरुषी’ संप्रेरक ‘स्त्री’ संप्रेरकाच्या तिप्पट! अंडमोचनाच्या सुमारास इस्ट्राडायॉल बरेच चढते तेव्हा चित्र बदलते, पण मासिक चक्राच्या बऱ्याच दिवसांत हेच खरे असते. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन साधारण ३०० ते १००० असते, स्त्रियांत १५ ते ७०. फरक मोठा आहे, पण तो प्रमाणाचा आहे. आहे आणि नाही असा तो नाही.

आता बाईंच्या मागणीकडे येऊ. त्यांची बाजू घेताना त्यांच्या जावेचे म्हणणे जसेच्या तसे मान्य करणे आम्हाला शक्य नाही.

पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन झपाट्याने उतरते. टेस्टोस्टेरॉनचे तसे नाही. ते विशीनंतर हळूहळू कमी होत येते आणि चाळिशीच्या मध्यापर्यंत बरेचसे उतरलेले असते. पाळी थांबण्याच्या वेळी त्याला काही वेगळा धक्का बसत नाही. अंगातून येणाऱ्या वाफांचे मूळ इस्ट्रोजेनमध्ये आहे. मेंदूतील अधश्चेतकात शरीराचे तापमान राखणारी यंत्रणा असते. एरवी शरीराच्या आतल्या तापमानात सुमारे ०.४ अंश सेल्सिअसचा चढउतार ती चालवून घेते. इस्ट्रोजेनचा धाक सुटला की तेथील काही चेतापेशी मोकाट होतात आणि ही सवलत जवळजवळ शून्यावर येते. मग किंचितशा चढालाही शरीर आग लागल्यासारखे उत्तर देते : त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो. कोकणच्या दमट हवेत तो घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे थंडावाही मिळत नाही. या वाफांवर सर्वांत परिणामकारक उपाय आजही इस्ट्रोजेन हाच आहे. मोकाट सुटलेल्या त्या चेतापेशींचा संदेशच अडवणारे एक नवे औषध २०२३ साली अमेरिकेत मंजूर झाले. टेस्टोस्टेरॉनने वाफा थांबतात याला पुरावा नाही.

मग ते कशावर चालते? २०१९ साली अनेक देशांतील तज्ज्ञ संस्थांनी मिळून एक निवेदन काढले. त्याच्या आधाराला ३६ चाचण्यांचा आणि ८००० हून अधिक स्त्रियांचा एकत्रित आढावा होता. निष्कर्ष असा की पाळी गेलेल्या स्त्रीची शरीरसंबंधाची इच्छा मावळली असेल आणि त्याचा तिला स्वतःला त्रास होत असेल, तर टेस्टोस्टेरॉनचा माफक उपयोग होतो. माफक म्हणजे किती, तर समाधान देणारे प्रसंग महिन्याला सरासरी एकाने वाढले. थकवा, विसराळूपणा, उदासी, हाडांची ठिसूळता यांसाठी ते द्यावे असे म्हणण्याजोगा पुरावा मिळाला नाही. इंग्लंडच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच एक कारण आहे, आणि तेही आधी इस्ट्रोजेनचे उपचार करून भागले नाही तर. ‘तिला स्वतःला’ हे शब्द आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो. नवऱ्याची तक्रार हे औषधाचे कारण होऊ शकत नाही.

येथे बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘तेही आहे. पण ते मी कोणालाच सांगितले नाही.’’ चार दवाखाने झाले होते. कोणी विचारलेही नव्हते.

हा सगळ्या प्रकरणातला विलक्षण भाग आहे. बाईंनी ज्या तक्रारी सांगितल्या त्यांवर हे औषध चालत नाही, आणि ज्या एका तक्रारीवर चालते ती त्यांना तोंडाने सांगता आली नाही. मराठीत हे बोलायला सुरुवात होऊन शंभर वर्षे होत आली. मुरूडला जन्मलेले, म्हणजे कोकणचेच, गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, चालवले. स्त्रीलाही कामेच्छा असते आणि ती असण्यात लाजण्यासारखे काही नाही, हे त्यांनी अंकामागून अंकांत लिहिले, खटले ओढवून घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांची वकिली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केली. वैद्यकाला मात्र हे ऐकायला वेळ लागला. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. तो अभ्यास रजोनिवृत्तीचा नव्हता. पण दुखणे आहे आणि विचारणारे कोणी नाही, ही अवस्था त्याने आकड्यांत मांडली.

आता चौथ्या दवाखान्याबद्दल थोडे कडक लिहिणे भाग आहे, कारण हसणाऱ्या डॉक्टरपेक्षा तो अधिक आधुनिक दिसतो. रक्त तपासून ‘टेस्टोस्टेरॉन कमी’ असे निदान करणेच चूक आहे. अमुक पातळीखाली इच्छा नाहीशी होते अशी कोणतीही रेषा अजून आखता आलेली नाही. त्यातून नेहमीच्या तपासण्या पुरुषांच्या मोठ्या आकड्यांसाठी बेतलेल्या; स्त्रियांतील बारीक प्रमाण मोजताना त्या भरवशाच्या राहत नाहीत. रक्त तपासायचे ते पातळी आधीच वर नाही ना हे पाहण्यासाठी, आणि औषध सुरू केल्यावर ती स्त्रीच्या नेहमीच्या मर्यादेत राहते ना हे पाहण्यासाठी. पुरुषाला मलमाच्या रूपात दिवसाला साधारण ५० मिलिग्रॅम देतात, तर स्त्रीसाठीची मात्रा त्याच्या दहाव्या हिश्शाची, म्हणजे ५ मिलिग्रॅमच्या आसपास. ऑस्ट्रेलियात असे स्त्रियांसाठीचे मलम २०२० साली अधिकृतपणे मंजूर झाले. बहुतेक देशांत तसे काहीच नसल्याने पुरुषांच्या पुडीतूनच अंदाजाने भाग काढावा लागतो. यात इंजेक्शन तर सर्वांत वाईट, कारण एकदा टोचले की पातळी एकदम चढते आणि मागे घेता येत नाही. मात्रा जास्त झाली तर मुरुमे आणि केस येतात, ते एक वेळ जातील. घोगरा झालेला आवाज मात्र परत येईलच असे नाही. वर्गात दिवसाला सहा तास बोलणाऱ्या बाईला याचा अर्थ काय ते सांगायला नको. मलम लावलेली त्वचा लहान मुलाच्या अंगाला लागली तर त्याच्यात औषध उतरते, हेही नातवंडे मांडीवर घेणाऱ्या वयात लक्षात ठेवले पाहिजे. मोजक्या मात्रेत मलम वापरणाऱ्या स्त्रियांत थोड्या काळात गंभीर दुष्परिणाम दिसलेले नाहीत. दीर्घकाळाचे, विशेषतः स्तनांच्या कर्करोगाबाबतचे, उत्तर अजून हातात नाही. सहा महिन्यांत फरक पडला नाही तर औषध थांबवावे असे ते निवेदनच सांगते.

संप्रेरकांबद्दलचा उतावळेपणा नवा नाही. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण पुन्हा तरुण झालो असे जाहीर केले. त्या पाण्यातल्या अर्कात टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नव्हतेच, कारण ते पाण्यात फारसे विरघळत नाही. तरुण झाले ते मन. १९६६ साली अमेरिकेतील रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांनी इस्ट्रोजेनने स्त्री कायम तरुण राहते असे सांगणारे पुस्तक लिहिले आणि ते धडाक्याने खपले. १९७५ मध्ये एकट्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो हे दिसून आले. पुढे प्रोजेस्टेरॉनची जोड देऊन तो धोका आवरला. मग २००२ साली १६,६०८ स्त्रियांवरची एक मोठी अमेरिकन चाचणी मध्येच थांबवावी लागली. वर्षाला दर दहा हजार स्त्रियांमागे स्तनांच्या कर्करोगाचे सुमारे ८ रुग्ण जास्त आढळले. त्यावर जी घबराट उडाली तीही अतिरेकीच होती. त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या आणि इतर धोका नसलेल्या स्त्रीसाठी फायद्याचे पारडे सहसा जड असते असे आज मानले जाते. एकदा अमृत, एकदा विष. मधल्या बायकांचे काय झाले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. टेस्टोस्टेरॉनच्या बाबतीत तीच गाडी पुन्हा सुटायच्या बेतात आहे असे आम्हाला दिसते.

आणि ज्यांचा या औषधावर सर्वांत आधी हक्क पोचतो त्या बायका या चर्चेत नाहीतच. दोन्ही अंडाशये शस्त्रक्रियेने काढली तर टेस्टोस्टेरॉन हळूहळू उतरत नाही, काही दिवसांत निम्म्यावर येते. म्हणूनच टेस्टोस्टेरॉनच्या पट्टीच्या पहिल्या मोठ्या चाचण्या अशाच स्त्रियांवर झाल्या आणि युरोपात २००६ साली ती पट्टी मंजूर झाली तीही त्यांच्यासाठीच. (२०१२ साली कंपनीने ती बाजारातून काढून घेतली, कारण खप नव्हता.) आपल्या राज्यात २०१९ च्या जूनमध्ये विधिमंडळात सांगण्यात आले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली. त्यांत ऊसतोडणीला जाणाऱ्या, तिशीतल्या कितीतरी बायका होत्या. गर्भाशयाबरोबर अंडाशये गेलेल्या तिशीतल्या बाईला पन्नाशीच्या बाईसारख्या वाफा येतात, हाडे झिजतात आणि इच्छा मावळते. तिला मलम मिळणे दूरच. आपल्या पोटातून नक्की काय काढले हेही पुष्कळदा तिला कोणी सांगितलेले नसते. एका तालुक्याच्या गावी बाईंना चार डॉक्टर तरी भेटले.

तक्ता फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही, परीक्षा आहेत. अंडाशयापुढे ‘टेस्टोस्टेरॉन (थोडे)’ आणि वृषणापुढे ‘इस्ट्रोजेन (थोडे)’ एवढे लिहिले तरी पुष्कळ आहे. आम्ही हे करून पाहिले तेव्हा एका मुलाने लगेच विचारले, ‘‘मग मुलींना दाढी का येत नाही?’’ प्रश्न उत्तम आहे. प्रमाण कमी असते आणि केसांच्या मुळांची संवेदनशीलता वेगळी असते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन फार उतरते, टेस्टोस्टेरॉन तितके उतरत नाही, दोघांचा तोल बदलतो. म्हणून आजीच्या हनुवटीवर दोन-चार राठ केस दिसू लागतात. हे कोणतेही औषध न घेता होते. तिसऱ्या डॉक्टरांचा विनोद असा मुलांनीच निकालात काढला.

बाईंना शेवटी पाचव्या डॉक्टर भेटल्या. त्यांनी रक्तदाब पाहिला, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासले, घरात कोणाला स्तनांचा कर्करोग झाला होता का ते विचारले आणि मग दार लावून घेऊन ‘ते’ही विचारले. सध्या इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन सुरू आहे. रात्रीच्या वाफा बऱ्याच कमी झाल्या आहेत, झोप लागते, सांधे अजून दुखतात. पुढची तपासणी गणपतीनंतर आहे. टेस्टोस्टेरॉनचा विषय त्या वेळी काढायचा की नाही हे बाईंनी अजून ठरवलेले नाही.